लेकीशी धरलेला अबोला

गिरणीतून आलेल्या पुंजारामनं अंगावरचं पीठ झटकायच्या आधीच झुंबरबाईनं तोंड उघडलं.

"शाळेतले गुरुजी आल्ते."

पुंजारामनं ओठांवर बोट ठेवलं. ओट्यावर बेबीनंदा पाटी घेऊन बसली होती, आणि लेक कानाच्या टप्प्यात असली की हा माणूस बोलत नसे. त्यानं मानेनंच परसाकडे खूण केली आणि दोघं न्हाणीच्या आडोशाला गेले. सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण या नवराबायकोचा सगळा संसार सहा वर्षं असाच न्हाणीमागे चालला होता.

"क-क-काय म्हणले?"

"म्हणले, पोरगी हजेरीला बोलत न्हाई, नुसता हात वर करती. बाप मुका हाये, पोरगी बी मुकी निघाली का काय?"

गुरुजी नवे होते, नुकतेच बदलून आलेले. पुंजाराम मुका नाही, तोतरा आहे, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? बाकी अख्ख्या राजूरला ठाऊक होतं. शाळेत पोरं त्याला 'इंजिन' म्हणायची, कारण चालू व्हायला वेळ लागतो! सातवीत त्यानं शाळा सोडली आणि पिठाच्या गिरणीत लागला. तिथल्या आवाजात सगळेच हातवारे करून बोलतात, त्यात याचं बोलणं कुणाला ऐकू यायचा प्रश्नच नव्हता. लग्नात बायकोचं नाव घ्यायची वेळ आली, तेव्हा 'झुं'वर असा काही अडकला की मांडवातल्या बायका पदरात तोंड खुपसून हसल्या. झुंबरबाई तेवढी हसली नाही. तेव्हापासून तो तिला मनातून फार मानायचा.

ब्याऐंशी साली बेबीनंदा झाली. पाचवीला पुंजारामच्या आईनं, गोजरबाईनं, वेखंड मधात उगाळून नातीच्या जिभेला लावलं आणि लेकाला स्पष्टच सांगितलं, "हे बघ पुंज्या, तुझा बाप रखमाजी असाच आडकायचा. तू त्याच्या मांडीवर बसून बसून उचललंस. लेकरू जे ऐकतं, तेच बोलतं."

बस्स, पुंजारामच्या डोक्यात ते रुतलं. लेकीच्या कानावर आपला एकही मोडका शब्द पडू द्यायचा नाही! माणूस जिद्दीचा. एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं. त्यानं लेकीला कधी नावानं हाक मारली नाही. कधी गाणं म्हटलं नाही, कधी रागावलासुद्धा नाही. एकदा बाजारात बिथरलेला बैल तिच्या अंगावर धावला, तेव्हा दुसऱ्या कुणीही बोंब ठोकली असती. हा पठ्ठ्या दात आवळून पळत गेला, तिला उचललं, आणि एक शब्द न काढता घरी घेऊन आला. मला सांगा, कुठल्या बापाला जमेल हे?

आणि त्याचं फळही दिसलं. तिसऱ्या वर्षी बेबीनंदा घडाघडा बोलायला लागली. भिंतीआड उभा राहून पुंजाराम तिची बडबड ऐकायचा आणि मनात म्हणायचा, जिंकलो! पुढे ती हळूहळू गप्प होत गेली, तेव्हा त्याला वाटलं, पोरगी शहाणी होऊन राह्यली. बापाशी तर ती आधीपासून हातानंच बोलायची, त्यामुळे त्याला फरक कळायचं काही कारणच नव्हतं.

"तुम्हाला सांगितलं न्हाई मी," न्हाणीमागे झुंबरबाई म्हणाली. "तिला बी आडकतं."

पुंजारामनं वळून ओट्याकडे पाहिलं.

"क-कधीपासून?"

"पाचवं लागलं तवापासून."

"कु-कु-कुणाचं ऐकून?"

"कुणाचं ऐकणार? तुम्ही तर बोलला बी न्हाई. तुमच्या रगतातच हाये ते, त्याला कोण काय करणार?"

पुंजारामला स्वतःचा असा संताप आला की त्यानं न्हाणीच्या दगडावर मूठ आपटली. सहा वर्षं! लेकीचं सगळं लहानपण डोळ्यांपुढून गेलं आणि त्यात आपला एक शब्द नाही. आणि मिळवलं काय? तर हे! त्यानं विचारलं, "मंग ब-ब-बोलत कामून न्हाई? आ-आडकत का होईना."

झुंबरबाईनं पदरानं नाक पुसलं. "म्या इचारलं तिला. म्हणली, ज्याला नीट बोलता येत न्हाई, त्यानं गप राहायचं असतं. बाबा राहतेत तसं."

अडखळणं रक्तातून गेलं असेल, त्यावर कुणाचा इलाज नव्हता. पण गप्प बसणं? ते तिनं रक्तातून घेतलं नव्हतं. ते त्यानं स्वतः तिला रोज जेवताना, उठताबसता शिकवलं होतं. आणि किती निगुतीनं!

तो वळला आणि थेट ओट्यावर गेला.

"ब-ब-बेबी," त्यानं हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा.

पोरगी डोळे फाडून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बा-बाबा, तुम्हाला बी?"

"म-म-मला बी. तुझ्या आ-आज्याला बी."

बेबीनंदा खुदकन हसली. पुंजारामला मात्र रडू आवरेना, आणि त्यानं ते आवरलंही नाही.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती. राजूरच्या गणपतीला गावोगावची माणसं लोटली होती. पुंजारामनं गिरणीत आज येत नाही असा निरोप धाडला आणि लेकीचं बोट धरून सगळ्यात जास्त गर्दीच्या जागी, देवळासमोरच्या भुजंगच्या प्रसादाच्या दुकानात गेला.

"भ-भ-भुजंग, न-ना-नारळ दे."

"आरं, इंजिन चालू झालं!" मागून कुणीतरी ओरडलं आणि चारजण फिदीफिदी हसले. एरवी पुंजाराम मान खाली घालून निघून गेला असता. आज त्यानं वळून त्या हसणाऱ्यांकडे पाहिलं आणि सावकाश, अडखळत, पण पूर्ण वाक्य म्हटलं, "आन् फु-फुलं बी दे, च-चांगली बघून." बेबीनंदा वर बापाच्या तोंडाकडे बघत होती.

रांगेत एक परगावची म्हातारी उभी होती. तिला पोरगी गोड वाटली असावी. ती वाकून म्हणाली, "कुणाची गं लेक तू?"

बेबीनंदानं ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. गळ्याची शीर ताठ झाली. शब्द ओठांशी येऊन थांबला होता. ते बघून भुजंगला राहवेना. तो म्हणाला, "आव मावशी, ही आपल्या—"

पुंजारामनं हात वर केला. भुजंग गप्प झाला. मागचे हसायचे थांबले. म्हातारीही वाकून तशीच उभी राहिली. पुंजारामला तो शब्द माहीत होता, तो कुठं अडलाय तेही माहीत होतं, कारण आयुष्यभर तोही तिथंच अडला होता. पण त्यानं तो शब्द तिला दिला नाही.

"पु..." बेबीनंदानं पाय रोवले. "पु-पु-पुंजारामची."

"बराबर," म्हातारी शेजारी उभ्या पुंजारामकडे बघत म्हणाली. "बापासारखीच दिसती."

पुंजारामनं हात खाली घेतला.