डिझेलनं धुतलेलं नरसाळं

चंपतरावाच्या लेकीला, प्रेमिलाला दुसरी मुलगी झाली, ते साल दोन हजार एकवीस. नातीच्या नामकरणाला तो पोहोचलाच नाही. सावनेर रस्त्यावरच्या यार्डात सकाळपासून एक नवा टिप्पर अडून उभा होता, आणि चंपतराव तिथला मिस्त्री.

तेव्हा नव्या तऱ्हेचे टिप्पर आले होते. डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची लहान टाकी. तिच्यात धूर साफ करणारं पाणी ओतायचं. ड्रायव्हर त्याला युरिया म्हणत. ते बिघडलं की गाडी ओढायचीच बंद.

कंपनीच्या इंजिनिअरने त्या टाकीतलं पाणी काचेच्या ग्लासात काढलं. वर तेलाचा तवंग. मालक भैय्याजींनी ग्लास उन्हात धरला आणि ड्रायव्हर धर्मेंद्रकडे पाहिलं. टाकी भरून घेणारा तोच. चांगला युरिया विकला आणि भलतंच ओतलं, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. किल्ली ठेव अन् चालता हो. बाकीच्या मालकांनाही तुझं नाव कळवतो. धर्मेंद्र आईची शपथ घेत राहिला. शपथ ऐकायला कोणी रिकामं नव्हतं.

चंपतराव बाकड्यावर हात पुसत बसला होता. पुसता पुसता थांबला. आदल्या दिवशी युरियाचं नरसाळं कोळशाच्या धुळीत पडलेलं त्याला दिसलं होतं. त्याने ते उचललं, डिझेलमध्ये बुचकळून लख्ख केलं आणि जागेवर टांगलं. चाळीस वर्षं तो सगळं डिझेलनेच धुवत आला होता. बेरिंग, पाने, स्वतःचे हातसुद्धा. उस्तादाने पहिल्या दिवशी तेच शिकवलं होतं.

तो गुडघ्यावर हात टेकून उठला.

"भैय्याजी, त्याले काहून काढून राहिले? नरसाळं म्या धुतलं. डिझेलनं."

भैय्याजींनी ग्लास खाली ठेवला.

"चंपतराव, पाटी लावली आहे ना तिथं? युरियाले नळाचं पाणीबी चालत नाही, अन् तुम्ही डिझेल लावता?"

पाटी त्याने वाचली होती. 'नरसाळं स्वच्छ ठेवा' एवढंच तिच्यावर मोठ्या अक्षरांत होतं. म्हणूनच तर धुतलं. 

भैय्याजी रागावले असते तर बरं झालं असतं. तुम्ही आता थकले, घरी आराम करा, असं म्हणून ते ऑफिसात गेले.

धर्मेंद्र फाटकापर्यंत मागे आला.

"काका, काहून बोलले जी? मी कुठंबी लागलो असतो. तुम्हाले आता कोण ठेवन?"

"तुही रोटी हिसकून मी किती दिवस खाईन गा?"

 आतून कोणीतरी धर्मेंद्रला हाक मारली, टिप्परला साखळी लावायची होती. तो गेला.

घराकडची, जरीपटक्याची बस यायला वेळ होता. चंपतरावाने रस्त्याकडेला डबा उघडला आणि उभ्यानेच जेवला.

त्यानंतर त्याला कुठे काम मिळालं नाही. चंपतराव मिस्त्री दोन हजार चोवीसच्या चौदा मार्चला, गुरुवारी सकाळी वारला.