मल्लव्वाचं विरजण

हावगेप्पानं डोक्यावरचा पटका उतरवला, घडी घालून पोत्यावर ठेवला आणि पुन्हा पारड्यात मांडी घालून बसला. रामकिशनच्या दुकानात तुरीची पोती तोलायचा मोठा तराजू आढ्याला साखळीनं टांगलेला होता. दुसऱ्या पारड्यात दोन मणांची वजनं होती. ती हवेत होती आणि हावगेप्पा जमिनीवर होता.

"कोट," भालकीहून आलेले जनावरांचे डॉक्टर गुंडेराव म्हणाले.

कोट निघाला. मग किल्ल्यांचा जुडगा निघाला. मग पानाची चंची, तिच्यातला अडकित्ता आणि शेवटी कमरेचा चांदीचा करगोटा. दुकानासमोर चार माणसं होती, ती नऊ झाली. गुंडेरावांची नजर हावगेप्पाच्या गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीवर गेली.

"ते निघायचं न्हाई," हावगेप्पा म्हणाला.

"देवाला कुठं वजन असतंय," रामकिशन म्हणाला.

"डबीला असतंय की," गुंडेराव म्हणाले, "पण राहू द्या. किती भरले?"

रामकिशननं हलक्या पारड्यात एकेक शेर टाकत नेला. आठव्या शेराला हावगेप्पा जमिनीवरून बोटभर उचलला गेला.

"दोन मण आठ शेर."

"आठ शेर जास्त हायेत," गुंडेराव म्हणाले. "खोगीर घालायचं न्हाई, नुसती घोंगडी टाकायची. रात्रीचं तूप बंद. चढ आला की उतरायचं. आणि हे नीट ऐका, अप्पा. घोडी पळवली तर पायाची शीर तुटंल. दावणीला उभी ठेवली तर पाय आखडंल. हातानं धरून नुसती फिरवली तर तीन पायांवरच चालायला शिकंल. थोडा भार पाहिजे, म्हणजे चौथा टेकंल. रोज दोन कोस, चालत. एक दिवस चुकवायचा न्हाई."

"किती दिवस?"

"ती जगंल तितके दिवस."

हावगेप्पा पारड्यातून उठला. रामकिशन करगोटा त्याच्या हातात देत म्हणाला, "आठ शेराची काळजी करू नका, अप्पा. पोटातल्या गोष्टी बाहेर काढा. महिना झाला, तुम्ही एक बी सांगितली न्हाई. लई साठल्या असतील."

लोक हसले. हावगेप्पा हसला नाही.

रामकिशनच्या बोलण्यात तथ्य होतं. पोलीस ॲक्शन होऊन तिसरं वर्ष लागलं होतं, भालकीच्या कचेरीवरचं निशाण बदललं होतं, पण मेहकरच्या लोकांना सरकारपेक्षा हावगेप्पाच्या घोडीच्या गोष्टी जास्त पाठ होत्या. शाजादीनं भालकीपासून उदगीरपर्यंत आगगाडी मागं टाकली आणि गार्डानं हिरवं निशाण गाडीला न दाखवता घोडीला दाखवलं, ही एक. शाजादी इतकी पळायची की तिची सावली मागं राहायची, आणि संध्याकाळी घरी आल्यावर सावली येईपर्यंत अंगणात थांबावं लागायचं, ही दुसरी. तिसरी ओढ्याची. ओढ्यावरून उडी मारताना मध्ये हवेत असताना हावगेप्पानं पान लावून खाल्लं होतं, चुन्यासकट.

तिसरी गोष्ट नडली. एका सकाळी ओढ्याकाठी कुणीतरी म्हणालं, दाखवा की. हावगेप्पानं चंची काढली आणि घोडी पिटाळली. शाजादी पलीकडे पोचली, पण उजवा पुढचा पाय दगडांच्या खाचेत उतरला. हावगेप्पाला खरचटलं सुद्धा नाही. चुना तेवढा मिशीला लागला. तेव्हापासून तो गप्प झाला होता.

डॉक्टरच्या सांगण्यावरून त्यानं चार दिवस घोडी चालवली. शाजादी मान खाली घालून चालायची आणि वर हावगेप्पा मान खाली घालून बसायचा. पाण्याला निघालेल्या बाया पुढं निघून जायच्या. एकदा तर शेळ्या पुढं निघून गेल्या. पाचव्या दिवशी तो घोडीकडं गेलाच नाही. सहाव्या दिवशीही नाही. सातव्या दिवशी उदगीरचा घोड्यांचा दलाल दारात आला. त्यानं शाजादीचा पाय दाबून पाहिला, दात पाहिले आणि वीटभट्टीवरच्या गाड्याला चालेल म्हणाला.

"पळायची घोडी चालवत बसायला माझ्यानं होत न्हाई," हावगेप्पा म्हणाला. "पंधरा दिसांनी ये."

त्याची बायको बसव्वा उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. पण त्या दिवशीच्या भातात खडे लागले.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर ती दह्याचं गाडगं घेऊन नवऱ्यासमोर उभी राहिली.

"आवं, बोरवाडीला जाऊन येता का? मल्लव्वाकडं दही लागंना झालंय. पंधरा दिस झाले, दूध नुसतं नासायलंय. एवढं विरजण तिला नेऊन द्या."

"बोरवाडीत विरजण मिळंना व्हय?"

"सगळ्या गावाचंच तसं झालंय म्हणं."

"तोंड बांधून दे मग. गाडीवाल्याजवळ देतो."

"विरजण जितं असतंय. तोंड बांधलं की गुदमरतंय. हातात धरूनच न्यायला लागंल. आन दिवे लागायच्या आत पोचवा, दिवे लागल्यावर दही कुणी दाराबाहेर देत न्हाई आन आत बी घेत न्हाई."

बोरवाडी एक कोसावर. जाऊन येऊन दोन कोस. हावगेप्पानं पायी जायचा विचार केला आणि गुडघ्यावर हात ठेवला. मग घोंगडी उचलली.

त्या दिवशी तो उशिरा निघाला. सूर्य बाभळींच्या शेंड्यावर आलेला पाहून त्यानं सवयीनं टाच दिली. शाजादी पाच पावलं दुडकली आणि उजवा पाय उचलून थांबली. अर्धं विरजण हावगेप्पाच्या छातीवर होतं. तो खाली उतरला, तिच्या पायावरून हात फिरवला, पाय गार लागेपर्यंत तिथंच उकिडवा बसला. मग चढला आणि उरलेलं गाडगं डाव्या तळव्यावर धरून इतका सावकाश निघाला की एक चिमणी येऊन घोडीच्या पाठीवर बसली. (ही चिमणी त्यानं पुढं सांगितली. होती की नव्हती, शाजादीलाच ठाऊक.)

मल्लव्वा, बसव्वाची धाकटी बहीण, दारातच उभी होती. कुडाच्या भिंतीवर एक पिवळी मांजर बसली होती.

"एवढ्यानं कसं लागंल हो, दाजी?" मल्लव्वा गाडग्यात डोकावत म्हणाली. "आर्धं तर तुम्हीच घातलाव अंगात. उद्या भरून आणा."

झालं. ही गोष्ट हावगेप्पाला लागली. घोडीवर बसायला लागल्यापासून त्याला कोणी एवढं बोललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो तास दीड तास आधी निघाला. गाडगं सांडू नये म्हणून आपण घोडीवर कसं बसायचं, हे त्याला नव्यानं शिकावं लागलं. पाठ सैल, गुडघे सैल, लगाम दोन बोटांत. शाजादीचा दुखरा पाय टेकायच्या आधी तिचा डावा खांदा किंचित उचलतो, हे सात वर्षांत त्याला पळताना कधी कळलं नव्हतं. ते कळल्यावर त्यानं तळहात त्या खांद्याबरोबर खालीवर करायला सुरुवात केली. आठव्या दिवशी दह्याची साय मोडली नाही.

"लागलं का मल्लव्वाचं दही?" बसव्वा रोज विचारायची.

"न्हाई अजून. आज जरा पातळ धरलंय म्हणत होती."

पंधराव्या दिवशी उदगीरचा दलाल आला तेव्हा हावगेप्पा घोडीवर बसलेला होता आणि बसव्वा त्याच्या तळव्यावर गाडगं ठेवत होती.

"दोर आणलाय, अप्पा. घोडी न्यायची न्हवं?"

"आज जमायचं न्हाई. मेव्हणीचं दही अडलंय."

"मग उद्या येऊ?"

"तिचं दही लागू दे," हावगेप्पा म्हणाला. "आन तो दोर बाजूला घे. तो बघून तिचं पाऊल चुकायलंय."

दलाल कपाळाला हात लावून गेला. त्याच संध्याकाळी रामकिशनच्या दुकानावर हावगेप्पानं दीड महिन्यात पहिल्यांदा गोष्ट सांगितली.

"पळणारी घोडी काय, कुणाकडं बी असती. काल आम्ही बोरवाडीला निघालो तर वाटंत मुंग्यांची रांग आडवी. शाजादी थांबली. शेवटची मुंगी गेली तवा पाऊल उचललं. मुंग्यांनी मागं वळून रामराम घातला."

"कोणत्या हातानं?" रामकिशननं विचारलं.

"उजव्या. डाव्यात साखर होती."

लोक हसत घरी गेले. रामकिशननं हौसेनं त्याला पुन्हा तराजूत बसवलं. दोन मण दोन शेर भरले. रात्रीच्या तुपाचं नाव कुणी काढलं नाही. गोष्टी बाहेर पडल्या म्हणूनच सहा शेर उतरले, असा निकाल दुकानावर झाला.

एव्हाना वाटेवरचे लोक त्याची वाट बघू लागले होते. कुणी घोडीला गाजर द्यायचं, कुणी गाडग्यात डोकावून जायचं. बोरवाडीच्या भिंतीवरची पिवळी मांजर घोडी दिसली की उडी मारून सामोरी यायची आणि शेपूट ताठ करून दारापर्यंत सोबत चालायची.

"शाजादीवर लई जीव हाय हिचा," हावगेप्पा म्हणायचा.

"व्हय की," मल्लव्वा म्हणायची.

मग एक दिवस आभाळ भरून आलं, म्हणून तो भर दुपारीच निघाला. बोरवाडीत पोचला तेव्हा मल्लव्वाच्या दारात कुणी नव्हतं. घोडी चिंचेखाली उभी करून, गाडगं हातात घेऊन तो घराला वळसा घालून परसात गेला. तिथं पाच-सहा बाया वाट्या घेऊन बसल्या होत्या. मल्लव्वा मोठ्या मडक्यातलं दही पळीनं कापून त्यांच्या वाट्यांत घालत होती. दही इतकं घट्ट होतं की पळी मडक्यात उभी राहिली असती.

हावगेप्पा भिंतीच्या कडेलाच थबकला. मल्लव्वाची पाठ होती. बायांमधली म्हातारी नागम्मा तेवढी त्याच्याकडं तोंड करून बसली होती, पण तिला लांबचं दिसत नसे. कोण आलंय कळेना, म्हणून बाकीच्यांच्या गलक्यात ती आपली पुटपुटली, "विरजणाला आलाव व्हय, बाबा? बस. अख्ख्या गल्लीत हिचंच विरजण चालतंय. असं दही पंचक्रोशीत न्हाई."

पिवळी मांजर कुठूनशी आली. आता तिचं पोट जमिनीला टेकत होतं. ती हावगेप्पाच्या पायाशी एका मातीच्या परळापुढं जाऊन बसली आणि त्याच्या हातातल्या गाडग्याकडं बघत राहिली. परळाच्या कडेला कालचं दही वाळलेलं होतं.

हावगेप्पानं परळाकडं पाहिलं, मग मांजरीकडं पाहिलं. मेहकरात थापा मारायचं काम इतकी वर्षं त्याच्या एकट्याकडं होतं. दुसरं कुणी ते हाती घेईल, तेही आपल्याच घरात, असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. त्याची मिशी थरथरली. तो पाय न वाजवता मागं फिरला, चिंचेखाली जाऊन घोडीवर बसला आणि तिथूनच मोठ्यानं खाकरला.

मल्लव्वा हात पुसत पुढच्या दारी आली.

"आज लवकर आलाव, दाजी?"

"आभाळ आलंय न्हवं. हे घे. आज साय बी हलली न्हाई."

परतीच्या वाटेवर तो एकटाच हसत होता. शाजादी दोनदा कान मागं करून थांबली.

"लागलं का मल्लव्वाचं दही?" रात्री ताटावर बसव्वानं विचारलं.

हावगेप्पानं भाकरी मोडली. "कुठलं लागतंय. नुसतं पाणी. मी आज डोळ्यांनी बघितलं. मला वाटतंय, बसव्वा, दोन-तीन वरसं तरी न्यावं लागंल."

बसव्वा चुलीतलं लाकूड मागं ओढायला वळली. ते लाकूड मागं ओढायला तिला बराच वेळ लागला.

उन्हाळा आला आणि म्हैस आटली. गावात त्या आठवड्यात दूध कुणाकडंच नव्हतं. दुपार कलली तेव्हा हावगेप्पा घोंगडी टाकून घोडीवर बसला आणि नेहमीसारखा डावा तळवा पुढं करून थांबला. बसव्वा घरात गेली. आत बराच वेळ भांडी वाजली. मग ती गाडगं घेऊन बाहेर आली. आज त्याच्यावर पळसाचं पान झाकलेलं होतं.

"ऊन लई हाय," ती दुसरीकडं बघत म्हणाली. "म्हणून झाकलंय."

गाडगं तळव्यावर आलं. ते चिमणीएवढंही जड नव्हतं. हावगेप्पानं बायकोकडं पाहिलं नाही. पाठ सैल सोडली, गुडघे सैल सोडले, लगाम दोन बोटांत धरला.

ओढ्याच्या उतारावर मागून रामकिशनची छकडागाडी आली.

"अप्पा, जरा कडंला घ्या की. पुढं जातो."

"दमानं हाक. धुरळा उडायलाय, विरजणात जाईल."

रामकिशननं बैल आवरले. ओढा पार होईपर्यंत तो घोडीच्या मागं मागं चालला. शाजादीचा उजवा पाय बाकीच्या तिन्ही पायांसारखाच टेकत होता.

बोरवाडीत मल्लव्वा दारात होती. तिनं दोन्ही हातांनी गाडगं घेतलं, पान किंचित उचललं, आत पाहिलं आणि पान परत ठेवलं.

"आज लई घट्ट हाय, दाजी."

"थेंब सांडू दिला न्हाई," हावगेप्पा म्हणाला. "उद्या येतो. दिवे लागायच्या आत."

मांजर धावत येऊन परळापुढं बसली होती. तिनं एकदा मल्लव्वाकडं पाहिलं, एकदा हावगेप्पाकडं, मग घोडीकडं. नंतर ती तिघांकडं पाठ करून भिंतीवर जाऊन बसली.