ठकीला हातपाय नाहीत

घरात मला भागूबाई म्हणतात. लिफ्ट मध्येच थांबली की माझे प्राण कंठाशी येतात, अनोळखी नंबरचा फोन मी उचलत नाही आणि तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी मला हटकून ताप भरतो. अशा मुलीच्या हाती कुणी एका म्हाताऱ्या बाईचा जीव देईल का? आमच्या कॉलेजने दिला, आणि वर त्याला मार्कही ठेवले.

तिसऱ्या वर्षाची असाइनमेंट होती. एखादी सॉफ्टवेअर सिस्टिम डिझाइन करायची, तिचा प्रोटोटाइप बनवायचा आणि खऱ्या माणसाला वापरायला देऊन बघायचा. माझा जोडीदार फरहान. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करणारं यंत्र बनवू, ही कल्पना त्याची. सरांना ती आवडली, पण त्यांचा एक हेका होता. कोड लिहायला बसण्याआधी स्वतःच यंत्र होऊन बघा, माणसं यंत्राशी काय बोलतात ते कळू द्या. म्हणजे समोरच्याला वाटणार यंत्र बोलतंय, आणि आडून टाइप करणार आपण. प्रयोग चालू असताना हे सांगायचं नाही, आणि संपल्यावर सगळं खरं सांगून टाकायचं, असा नियम होता.

यंत्र व्हायचं काम माझ्याकडे आलं, कारण फरहानला मराठी येत नाही आणि आम्हाला सापडलेल्या बाई मराठी बोलणाऱ्या. इंदुताई माझ्या आईला शाळेत गणित शिकवायच्या. काचीगुड्याला दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. मुलगा अविनाश पुण्याला. आम्ही त्यांच्या ओट्याशेजारी एक टॅब उभा करून दिला. त्या बोलल्या की बोलणं अक्षरांत उतरून माझ्या लॅपटॉपवर यायचं. मी उत्तर टाइप केलं की टॅबमधली बाई ते ठोकळ्यासारख्या आवाजात वाचून दाखवायची. इंदुताईंनी तिचं नाव ठेवलं ठकी.

सुरुवातीला मजाच होती. "ठके, आज अंबाडीची भाजी केलीय. तुला काय कळणार म्हणा!" मी टाइप करायची, "छान. गोळी घेतली का?" आणि उत्तर यायचं, "घेतली ग बाई. तू तर माझ्या सासूच्या वरताण निघालीस." मी हॉस्टेलच्या मेसमध्ये बसून एकटीच हसायची.

मग एका सकाळी स्क्रीनवर आलं, "ठके, काल जिना चढताना भोवळ आली. डावा हात माझा नव्हेच असं झालं. घटकाभर पायरीवर बसले, मग बरं वाटलं."

मी टाइप केलं, "अविनाशला कळवू का?"

"खबरदार! त्याला कळलं की तो मला उचलून पुण्याला नेईल आणि या घराला कुलूप लागेल. तिथे त्यांच्या बंद फ्लॅटात बसून मी करू काय? तुला म्हणून सांगितलं. तुला ना हात ना पाय, तू कुठे चुगली करायला जाणार!"

इकडे आड, तिकडे विहीर. अविनाशला सांगितलं आणि काही नसलंच, तर बाईंचं घर माझ्यामुळे सुटणार. नाही सांगितलं आणि खरंच काही असलं, तर त्यापुढचा विचारच मला करवेना. मी यंत्राला शोभेल असं एक वाक्य टाइप केलं, "डॉक्टरांना दाखवा." त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं. तेव्हा कपबशी हातातून पडली म्हणाल्या.

मी फरहानला गाठलं. तो कँटीनमध्ये इराणी चहात उस्मानिया बिस्किट बुडवत होता.

"मेरेकू बहुत डर लगरा," मी म्हटलं. "सर को बोल देते."

"काइकू डरती यार? बुढ्ढे लोगां को चक्कर आते रहते. डेमो होने दे, फिर सब बोल देंगे ना. अब्भी बोले तो पूरा प्रयोग गया पानी में."

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं आई मला नेहमी म्हणते. मलाही वाटलं, आपलंच मन चिंती ते वैरी न चिंती. मी गप्प बसले. पण तेव्हापासून झोपेतसुद्धा मला ती कपबशी फुटल्याचा आवाज यायचा.

डेमोच्या दिवशी आमचा आराखडा फळ्यावर लावला होता. चौकोन, चौकोनातून बाण. "बरं नाही" या चौकोनातून एक जाड लाल बाण निघून "शेजारी" या चौकोनात जात होता. सरांनी त्या बाणाचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. संकटात यंत्र शेजाऱ्याला हाक मारतं, विचार केलाय पोरांनी, म्हणाले. माझा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला होता आणि त्याच वेळी पडद्यावर अक्षरं उमटली.

"ठके. भोवळ आली. ओट्याखाली बसलेय. उठवत नाही मला."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. चालू डेमोत खरा निरोप आला होता, याहून चांगलं काय हवं? हिंदी शिकलेल्यांना अक्षरं लागत होती, पण मराठी अर्थ कुणालाच लागत नव्हता. त्या साठ जणांत तो फक्त मला कळत होता.

"उत्तर द्या ना," सर इंग्रजीत म्हणाले. "बघू या सिस्टिम काय करते."

"आजी, दार उघडं आहे का?" मी टाइप केलं. ठकी त्यांना कधीच आजी म्हणत नसे.

"कडी आतून. अव्याला नको सां" एवढंच आलं. मग पुढची ओळ आली ती कुठल्याच भाषेतली नव्हती. नुसती अक्षरं, एकात एक अडकलेली. त्यांची जीभ जड झाली होती आणि टॅब बिचारा ऐकू येईल ते उतरवत होता. वर्गात हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "बग आया, बग!"

"बग नहीं है!" मी किंचाळले. "फरहान, एक सौ आठ को फोन लगा! वो गिर गए!"

फरहानने फोन लावला. पण ॲम्ब्युलन्स येऊन आतून कडी लावलेल्या दारापुढे उभी राहून करणार काय? शेजारी हवा होता. मी फळ्यावरच्या लाल बाणाकडे पाहिलं. त्याच्या टोकाला एक चौकोन होता आणि चौकोनात एक शब्द. नाव नव्हतं, नंबर नव्हता. नंबर बाद में डालते, असं आमचं ठरलं होतं. आईचा फोन वाजून वाजून थांबला. ती सिकंदराबादच्या बँकेत काउंटरवर असते. माझ्याकडे दुसरा एकच नंबर होता, टॅब लावताना घेतलेला, आणि तो अविनाशचा.

मी लावला. त्याने उचलला नाही. अनोळखी नंबर मी तरी कुठे उचलते? पुन्हा लावला.

"कोण?"

"मी ठकी बोलतेय," माझ्या तोंडून निघालं. मग रडत रडत मी काय ते सांगितलं. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. "खाली भगवंतराव राहतात, त्यांना लावतो," म्हणाला आणि फोन कापला.

काचीगुडा आमच्या कॉलेजपासून तासाभरावर. कुकटपल्लीच्याही पलीकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला बसून मी एकच करू शकत होते. मी टाइप करत राहिले. मी आहे. माणसं येतायत. मी आहे. पडदा कितीतरी वेळ कोरा होता. मग एकदम अक्षरं आली, "बाई ओ बाई डोळे उघडा." ते दार फोडून आत शिरलेले भगवंतराव होते. मी जमिनीवर बसले आणि मला भडभडून आलं.

इंदुताई वाचल्या. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. अविनाशने माझे हात धरून आभार मानले आणि त्यांना पुण्याला न्यायची तयारी सुरू केली. सरांनी आम्हाला वर्गात सर्वांत जास्त मार्क दिले. आता नियमाप्रमाणे एक काम उरलं होतं, आणि त्याच्या भीतीने मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

दवाखान्यात इंदुताई उशाला टेकून बसल्या होत्या. तोंड किंचित वाकडं झालं होतं, पण डोळे गणिताच्या बाईंचेच होते. मी सगळं सांगितलं. ठकी नव्हतीच, मीच होते, अव्यालाही मीच सांगितलं. त्या रागावतील, घर घालवलंस म्हणतील, असं मी धरून चालले होते. त्यांनी घराचं नावही काढलं नाही.

"म्हणजे भोवळ आली होती... ते तू वाचलंस," त्या सावकाश म्हणाल्या. शब्द लावायला त्यांना वेळ लागत होता. "कपबशी फुटली, तेही."

"हो, आजी."

"यंत्र येऊ शकत नाही. म्हणून त्याला सांगितलं मी. पण तू तर माणूस होतीस. मग आली का नाहीस ग?"

जाऊन यावं, हे मला सुचलंच नव्हतं. सांगावं की सांगू नये, याच घोळात मी राहिले. बस पकडावी, दार वाजवावं, "आजी, सहज आले," म्हणावं आणि धरून डॉक्टरकडे न्यावं, एवढं साधं होतं ते. मी त्यांचा हात हातात घेतला. तो डावा होता. त्यांना कळलंच नाही.