बारवेत ठेवलेलं नाव

अंबाजोगाईला तेव्हा सरकारदरबारी मोमिनाबाद म्हणत. गावाबाहेर, डोंगराच्या अंगाला, एक जुनी बारव होती. पाणी गोड, पायऱ्या घडीव, आणि दुष्काळातही तिचा तळ कधी उघडा पडला नाही. पण तिथली एक रीत होती आणि ती शेंबड्या पोरीसुद्धा पाळत. बारवेत उतरलं की कुणी कुणाला नावानं हाक मारायची नाही. 'अगं' म्हणा, 'अवो' म्हणा, टाळी वाजवा, घागर वाजवा. नाव तेवढं तोंडातून काढायचं नाही.

कारण तिथलं जनावर. पायऱ्यांखालच्या अंधाऱ्या कपारींत ते राहायचं. पांढरंफटक, तळहाताएवढं. विंचू म्हणावं तर नांगी नाही, कोळी म्हणावं तर जाळं नाही, आणि डोळे तर नाहीतच. पुढचे दोन पाय दोऱ्यासारखे बारीक आणि लांबच लांब. त्यांनी ते आंधळ्या माणसासारखं चाचपत हिंडायचं. कुणाला डसल्याचं ऐकिवात नव्हतं. त्याला नावही नव्हतं, कारण कुणी ठेवलंच नव्हतं. ज्याला नाव नाही त्याला नावाची भूक असते, असं जुनी माणसं सांगत. सटवा पखालवाल्याला त्याच्या मेव्हण्यानं एकदा चेष्टेनं बारवेत नावानं हाक मारली. त्या दिवसापासून सटवा हाकेला वळेना. कान धडधाकट, पण 'सटवा' म्हटलं की दुसऱ्याच कुणाला बोलावताहेत असा शांत बसून राही. खोटं कशाला बोला, लोक हसायचे त्याला. पण बारवेत उतरून कुणी हसलं नाही.

पंचाक्षरी मास्तर ह्याच गावचा. लिंगायत दुकानदाराचा पोरगा, पण तागडी सोडून हैदराबादला शिकला आणि परत येऊन सरकारी शाळेत चित्रं काढायला शिकवू लागला. हात असा की त्यानं काढलेली माशी माणूस उडवायला जायचा. किड्यामुंग्यांचं वेड हैदराबादेतच लागलं होतं. बारवेची रीत त्याला ठाऊक नव्हती असं नाही, आईच्या हातचा मार खाऊन ती शिकला होता. पण चार बुकं वाचली की माणसाला वाटतं, रीती बायाबापड्यांनी पाळाव्यात.

त्याची बायको महादेवी. लग्नानंतर लई वर्षांनी त्यांना मुलगी झाली. नाव आधीच ठरलेलं, गंगासागर. लिंबागणेशला दिलेली पंचाक्षरीची बहीण शिवकन्या बारशाला निघाली, आणि ती वाटेत असतानाच लेकरू गेलं. आत्यानं कानात नाव सांगायचं राहून गेलं. पंचाक्षरीनं ते एवढंसं गाठोडं स्वतःच्या हातानं बारवेजवळच्या माळावर पुरलं. महादेवी रडली नाही. पाळणा मात्र तिनं कुणाला उतरवू दिला नाही. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात. ही येताजाता झोका द्यायची.

पुढं तिला पुन्हा दिवस गेले. तरी ती येणाऱ्या लेकराबद्दल अवाक्षर बोलेना. पंचाक्षरीला भीती होती ती हीच. बायको अजून पहिलीपाशीच बसून आहे. दुसरं आलं तर त्याला आई मिळायची का?

माळावरून येताना तो बारवेत टेकायचा. तिथंच एकदा त्याला त्या जनावराची एक मादी दिसली. पाठीवर पिल्लं, तांदळाच्या दाण्यांसारखी, आईला बिलगून बसलेली. त्यानं तिचा सांधा न् सांधा कागदावर उतरवला आणि चित्र कलकत्त्याच्या एका साहेबाला पाठवलं. साहेबानं उमेदीची वर्षं दक्षिण अमेरिकेतल्या रानांत असलेच जीव धुंडाळण्यात घालवली होती. त्यानं कळवलं, ब्राझीलच्या गुहांत ह्याचे चुलतभाऊ पाहिलेत, पण हा निराळाच, आजवर जगात कुणी ह्याचं वर्णन लिहिलेलं नाही. एक जनावर स्पिरिटात घालून पाठवा आणि वर्णन तुम्हीच लिहा. जो पहिलं वर्णन लिहितो, नाव ठेवायचा मान त्याचा.

हे वाचून पंचाक्षरी ढसाढसा रडला. एक नाव त्याच्याजवळ होतं की! वाया गेलेलं, कोरं, कुणी एकदाही न वापरलेलं. ते आता छापलं जाईल, देशोदेशीची माणसं ते उच्चारतील. बापाच्या मनाला एवढंच पुरलं.

भर दुपारी तो बारवेत उतरला. चिमट्यानं मादी उचलून स्पिरिटच्या बरणीत सोडताना पिल्लं तिच्या पाठीवरून गळाली आणि कपारींत पांगली. मग शहाण्या माणसानं बूच लावून घरी जावं की नाही? हा बाबा पायरीवर बसला, बरणी मांडीवर घेतली, तोंड जवळ नेलं आणि बारशाला आत्या करते तसं 'कुर्रर्र' करून म्हणाला, "गंगासागर."

त्या बारवेत नुसतं खाकरलं तरी घुमायचं. नाव घुमलं नाही. कुणीतरी वरच्यावर झेलून घ्यावं तसं ते नाहीसं झालं. पंचाक्षरी थोडा वेळ कान देऊन बसला, मग उठून घरी गेला.

वर्णन शास्त्राच्या मासिकात छापून आलं. लॅटिनचं शेपूट लावलेलं, पण नाव तेच. अंक घरी आला त्याच आठवड्यात त्याला पाळण्याच्या दोरीवर एक पिल्लू दिसलं. बारवेपासून घर किती लांब, वाटेत कोरडं रान. कपारीतली ओल सोडून हे जगतंच कसं? त्यानंच लिहिलं होतं, ह्या जीवाला डोळे नाहीत, कानही नाहीत. तरी जिभेवर आलंच.

"गंगासागर," तो हळूच म्हणाला.

पिल्लानं दोन्ही लांब पाय त्याच्याकडं वळवले. दाराच्या फटीतून दुसरं आलं, उतरंडीमागून तिसरं.

"कुनाला हाक मारलीत?" महादेवी चुलीपाशी उभी होती.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यानं सगळं सांगितलं. अंक उघडून चित्र दाखवलं. ती चिडेल, कपाळ बडवून घेईल असं त्याला वाटलं होतं. तिनं चित्रावरून बोट फिरवलं.

"हिची पिल्लं कुठं गेली मंग?"

"पांगली."

"आय बाटलीत घातलीत तुमी त्यांची," महादेवी म्हणाली. "आन् नाव माझ्या लेकीचं दिलंत. मंग ती कुनाकडं येतील?"

एवढं बोलून ती खाली बसली आणि दोरीखाली हात धरला. पिल्लू हातावर उतरलं. त्यानं तिची बोटं चाचपली, मनगट चाचपलं, आणि महादेवी हसली. लेकरू गेल्यापासून पहिल्यांदाच हसली, आणि ते पंचाक्षरीला बघवेना.

रोज तिन्हीसांजेला ती उंबऱ्यात बसून हाक मारू लागली. पिल्लं यायची. मोठी होत होती. महादेवी जाळीखाली किडे धरून ठेवायची आणि त्यांना घालायची. पंचाक्षरीनं साहेबाला लिहिलं, नाव बदलायचंय, चूक झाली, पाया पडतो. उत्तर आलं की शास्त्राचा कायदाच तसा आहे. एकदा छापलेलं पहिलं नाव कुणालाच मागं घेता येत नाही, ठेवणाऱ्यालासुद्धा नाही.

मग मुलगी झाली. गोरीपान, ठणठणीत, सगळं घर डोक्यावर घेणारी. महादेवीनं तिला पदराखाली घेतलं, दूध पाजलं, आणि पंचाक्षरीच्या जिवात जीव आला. बारसं ठरलं. शिवकन्या ह्या खेपेला दोन दिवस आधीच आली. शेजारच्या बाया जमल्या, घुगऱ्या शिजल्या. रीतीप्रमाणं वरवंट्याला कुंची घालून तो आधी पाळण्याखालून वरून फिरवला, मग बाळाला पाळण्यात ठेवलं. शिवकन्या वाकली.

तेव्हा सगळं घर गप्प झालं. बायांचं बोलणं थांबलं, बाळ रडायचं थांबलं. सगळ्यांच्या नजरा शिवकन्येच्या तोंडाकडं, एकट्या पंचाक्षरीनं खाली पाहिलं. पाळण्याखाली सारवलेली जमीन पांढरी झाली होती. सगळी पिल्लं आली होती. भांडण नाही, हालचाल नाही. दोऱ्यासारखे पाय वर करून, शिवकन्येच्या तोंडाच्या रोखानं, नुसती वाट बघत होती. एकाचा पाय पाळण्याच्या कडेवरून आत पोचला होता आणि बाळाचा कान चाचपत होता.

त्याला सटवा आठवला. शांत बसून राहणारा सटवा.

"कुर्रर्र..." शिवकन्येनं सुरुवात केली, आणि पंचाक्षरीनं बहिणीच्या तोंडावर हात दाबला. इतका जोरात की तिचा ओठ फुटला.

"नाव घेऊ नगं, अक्का. ह्या घरात न्हाई. तुला लिंगाची आन हाय."

बाया घुगऱ्या न घेताच उठल्या. त्याचं डोकं फिरलं म्हणाल्या, आणि त्यांचंही चुकलं असं कसं म्हणावं? शिवकन्या पुन्हा त्या घरी आली नाही. ठरवलेलं नाव तिनं कुणाला सांगितलं नाही, म्हणून ते इथंही सांगता येत नाही.

घर सोडून जावं तर महादेवी जागची हलेना. "माझी थोरली हितं हाय," म्हणायची. तेव्हा पंचाक्षरीनं घराची बारव केली. नवराबायको एकमेकांचं नाव तसंही घेत नसत. धाकटीला 'अगं' म्हणायचं, 'ए बाय' म्हणायचं. नाव द्यायचं नाही म्हणजे कुणाला घेता यायचं नाही, एवढा साधा हिशेब. पोर वाढली, चालू लागली, हसरी होती. आपण लेकरू वाचवलं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

एका तिन्हीसांजेला तो ओसरीवर चित्र काढत बसला होता. महादेवी नेहमीसारखी उंबऱ्यात बसली आणि तिनं मायेनं हाक मारली, "गंगासागर."

कोनाड्यांतून, आढ्यावरून, माठाखालून ती आली. ओळीनं, चाचपत, आईच्या हाताकडं. आणि सगळ्यांच्या मागून धाकटी आली. ह्या घरात आजवर तेवढंच एक नाव कुणी मायेनं हाकारलं होतं.

"ए बाय," पंचाक्षरी म्हणाला. "अगं, हिकडं ये."

ती वळली नाही. डोळे चांगले लख्ख उघडे होते तिचे. तरी दोन्ही हात पुढं करून, बोटांनी हवा चाचपत, ती आईकडं चालली होती.