प्रयागबाईची मूठ

अंथुर्ण्याच्या ओढ्यापलीकडे ख्रिस्ती माणसांची जेमतेम सात-आठ घरं होती. त्या घरांत मूठ म्हटली की ती प्रयागबाईची, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. ही मूठ भांडणातली नव्हे. भांडायला प्रयागबाईला जीभ पुरत असे. ही देवाची मूठ. सकाळी दळायला बसण्याआधी घरच्या बाईनं सुपातल्या जोंधळ्यात हात घालायचा, मूठभर दाणे उचलायचे, प्रभूचे उपकार मानायचे आणि ते दाणे कोपऱ्यातल्या मडक्यात सोडायचे. सुगी आटोपली की बारामतीच्या ख्रिस्ती देवळात पिकाचा सण व्हायचा. त्या दिवशी गावोगावच्या बाया आपापली मडकी डोक्यावर घेऊन गात यायच्या आणि पुढे अंथरलेल्या घोंगडीवर ओतायच्या. ती रास मग अडल्यानडल्या घरांना वाटली जाई.

प्रयागबाईचं मडकं दर साली काठोकाठ भरलेलं असायचं. बाईचा हात मोठा, मन मोठं, आणि खरं सांगायचं तर तोराही मोठा. पदर खोचून, मडकं उंच धरून ती अशी ओतायची की दाण्यांचा आवाज देवळाच्या दारापर्यंत जावा. मग बाजूला उभी राहून बाकीच्यांच्या मडक्यांत डोकावायची.

तिच्या या तोऱ्याचा सगळ्यांत जास्त जाच झाला तो फुलाबाईला. फुलाबाई एकटी विधवा, उसाच्या खुरपणीवर पोट भरणारी. तिचं मडकं कसलं, गाडगंच ते. एकदा प्रयागबाई विस्तव मागायला तिच्या घरी गेली, तर फुलाबाई सुपापुढे डोळे मिटून बसलेली आणि तिच्या दोन बोटांत जोंधळ्याची चिमूट.

"अगं, चिमटीला एवढा येळ?" प्रयागबाई दारातूनच म्हणाली. "तवर तितं माझं पीठ वाळून जाईल की!"

"चिमटीलाच येळ लागतोय, बाई," फुलाबाई हसून म्हणाली.

झालं! प्रयागबाईनं ती गोष्ट चार घरांत तिखटमीठ लावून सांगितली, आणि फुलाबाईला चिमटीबाई हे नाव चिकटलं. तेव्हापासून पिकाच्या सणाला ती सगळ्यांच्या मागं उभी राहू लागली. नाव ठेवणारी चार दिवसांत विसरली. जिला ठेवलं ती थोडीच विसरते?

पुढं एका साली नाताळ तोंडावर आला होता. गावातल्या तात्याबाचं गुऱ्हाळ लागलं होतं. प्रयागबाई चरकात ऊस घालायला बसायची आणि तिचा मुलगा कुंडलिक बैलांमागं फिरायचा. त्या दिवशी चालता चालता तो काहिलीतला रस ढवळणाऱ्या गड्याशी, जोतीरामाशी, कसली तरी थट्टामस्करी करत होता. एक कांडं चरकात अडकलं. प्रयागबाईनं ते तळहातानं रेटलं आणि कांड्याबरोबर हातही आत गेला. तिची किंकाळी ऐकली तशी कुंडलिकानं धावत जाऊन बैलांच्या वेसणी ओढल्या. बैल जागच्या जागी थांबले.

रसाची घागर बाजूला सारून कुणीतरी गाडी जुंपली. बारामतीला मिशनच्या दवाखान्यात उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं राहिलं.

प्रयागबाई शुद्धीवर आली तेव्हा कुंडलिक उशाशी बसला होता. पोराच्या अंगावर अजून तोच रक्ताळलेला सदरा होता. तिनं हाताच्या गाठोड्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं.

"अर्धा फेरा आधी थांबवलं असतंस तर..." ती म्हणाली.

वाक्य तिनं पुरं केलं नाही. पुरं करायची गरजही नव्हती. त्या दिवसापासून कुंडलिकाची थट्टामस्करी गेली ती गेलीच. गुऱ्हाळावर आता तो बैलांच्या पाठीवरची नजर काढत नसे, आणि घरी आला की आईपुढं मान वर करत नसे.

घरी परतल्यावर प्रयागबाईनं उजवा हात पदराखाली घातला. जेवायला बसली तरी तो बाहेर येत नसे. सून सिंधुबाई भाकरी कुस्करून पुढं ठेवायची आणि ती खाली मान घालून डाव्या हातानं कशीबशी खायची. डाव्या हातानं खायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. जेवणाआधी कुंडलिक रोज प्रार्थना करायचा. "प्रभू, आईचा जीव राखलास, तुझे उपकार," एवढंच तो खाली बघत म्हणायचा. सिंधुबाई 'आमेन' म्हणायची. प्रयागबाईचे ओठ हलत नसत.

दानिएल मास्तर शाळा चालवायचे आणि रविवारी उपासनाही तेच घ्यायचे. ते भेटायला आले. "प्रयागबाई, जीव वाचला हे काय थोडं झालं?" ते म्हणाले.

"जीव ऱ्हायला, मास्तर. पर त्या जिवाचं करू काय? दळता येत न्हाय, भाकरी थापता येत न्हाय, खुरपं धरता येत न्हाय. उपकार मानायचं ते कशाचं, सांगा तुमी."

मास्तर भले माणूस. त्यांनी ओढूनताणून काही सांगितलं नाही. गुळाचा चहा घेतला आणि गेले.

दिवस जात राहिले. जोंधळ्याची कापणी झाली, खळी झाली, पिकाचा सण जवळ आला. एके सकाळी सिंधुबाई पाण्याला गेली होती. प्रयागबाईचं लक्ष कोपऱ्यातल्या मडक्याकडे गेलं. दुखण्यापायी इतके दिवस तिनं तिकडं बघितलंही नव्हतं. तिनं झाकण काढलं. दाणे काठापासून चांगले वीतभर खाली होते.

बाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सिंधुबाई घागर घेऊन उंबऱ्यात येते न येते तोच तिनं तोंड सोडलं. "माझा हात गेला म्हून देवाची मूठ बी खाल्लीस व्हय गं? सासू आंधळी न्हाय झाली अजून! कवाधरनं दाणा पडला न्हाय ह्यात?"

सिंधुबाईनं घागर उतरवली. ती तशी गरीब पोर, सासूपुढं ब्र काढत नसे. पण आज ती सरळ उभी राहिली.

"तुमी गुऱ्हाळावर गेलासा, त्या दिसापासनं न्हाय पडला," ती म्हणाली. "माझी मूठ मी इकडं टाकतीया." तिनं चुलीमागचं एक नवं गाडगं पुढं ओढलं. त्यात काठापर्यंत जोंधळा होता. "त्या मडक्यात मी हात घातलाच न्हाय, आत्याबाई. ते तुमचं हाय. तुमी आज घालाल, उद्या घालाल, म्हून मी झाकून ठिवलं."

प्रयागबाईचा राग कुठल्या कुठं गेला, पण आवाज तेवढा खाली येईना. "घालू कुठल्या हातानं? देवाला डाव्या हातानं देऊ?"

"उजवा हाय की."

"उजवा!" प्रयागबाईनं पदराखालचा हात बाहेर काढून सुनेच्या तोंडापुढं नाचवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "बघ हा उजवा! ह्यात मावतंय काय? चिमूट!"

तो शब्द तोंडातून गेला आणि प्रयागबाई तिथंच थबकली. फुलाबाईचा मिटल्या डोळ्यांचा चेहरा तिच्यापुढं उभा राहिला. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी पोटातून वाटली. सिंधुबाई सूप घेऊन आली, सासूपुढं ठेवलं आणि जात्यापाशी जाऊन बसली.

प्रयागबाई सुपाकडे बघत राहिली. मग तिनं अंगठा आणि बोट जोंधळ्यात घातलं. दाणे निसटले. तिनं पुन्हा उचलले, पुन्हा निसटले. बोटात अजून धड जोर नव्हता. शेवटी थोडेसे दाणे जमले. ते सांडू नयेत म्हणून ती त्यांच्याकडे टक लावून बघू लागली, आणि तिच्या ध्यानात आलं की आजवर आपण दाणा कधी बघितलाच नाही. आपण मूठ बघत आलो. हा दाणा पांढरा, मोत्यासारखा टपोरा. हा जरा किडका. ह्याला अजून कोंडा चिकटलेला. कालव्याचं पाणी, सिंधूची खुरपणी, रात्री राखण करताना कुंडलिकाचा बसलेला घसा, हे सगळं इथं दोन बोटांत आलं होतं. मूठभर घेताना एकदा 'तुझे उपकार' म्हणून मोकळं होता येत होतं. आता एकेका दाण्यापाशी थांबावं लागत होतं.

थांबता थांबता तिची नजर स्वतःच्या बोटावर गेली. बोटामागं तळवा होता, तळव्यामागं मनगट होतं, मनगटामागं कोपर. सगळं जागच्या जागी. बैल आणखी अर्धा फेरा चालले असते तर?

अर्धा फेरा आधी, अर्धा फेरा आधी, हेच ती इतके दिवस घोकत होती. त्या फेऱ्याचा दुसराही अर्धा भाग होता, आणि तो कुंडलिकानं होऊ दिला नव्हता. वेसण ओढताना त्याच्या हाताची सालटं गेली होती. तिनं ती दवाखान्यात बघितली होती, आणि बघूनही त्याला ते वाक्य ऐकवलं होतं.

"आत्याबाई, जातं खोळंबलंय," सिंधुबाई हळूच म्हणाली.

"खोळंबू दे," प्रयागबाई म्हणाली. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि तोंडावर हसू होतं. तिनं ते दाणे मडक्यात सोडले. आवाज आला न आला इतकाच.

त्या दिवसापासून ती रोज चिमूट टाकू लागली. रोज वेळ लागायचा आणि रोज काहीतरी नवं सापडायचं. कधी उन्हाची तिरीप, कधी शेजारचं रांगतं पोर, कधी नुसती भाकरी भाजल्याचा वास. पण कुंडलिकाला जे सांगायचं ते काही तोंडातून निघेना. ज्या बाईच्या जिभेला गाव भ्यायचं, ती पोराच्या पुढ्यात बसली की मुकी व्हायची. तो खाली मान घालून जेवायचा आणि उठून जायचा. असाच सण उजाडला.

बारामतीच्या रस्त्यानं कालव्याच्या कडेकडेनं गाडी चालली होती. बाया गात होत्या. कुंडलिक पुढं बसून बैल हाकत होता आणि प्रयागबाई त्याच्या पाठीकडे बघत होती. मांडीवर तिचं अपुरं मडकं होतं.

देवळात बायांची रांग लागली. प्रयागबाई दर साली सगळ्यांत पुढं असायची. आज ती मागं मागं जात शेवटाला फुलाबाईपाशी येऊन उभी राहिली. फुलाबाईनं तिच्या मडक्यात बघितलं, मग तिच्या हाताकडे बघितलं.

"मला हे एकटीला ओतायचं न्हाय गं," प्रयागबाई म्हणाली. "खालनं धरतीस?" आणि थोडं थांबून, "तू सांगितलं हुतंस मला, चिमटीलाच येळ लागतोय म्हून. मला तवा कळलं न्हाय. वर तुला नाव ठिवलं. लई चुकलं माझं."

फुलाबाई पुढं बघत म्हणाली, "राग हुता, बाई. लई हुता."

"आन् आता?"

"आता धरा मडकं. आपला नंबर आला."

दोघींनी मिळून आधी प्रयागबाईचं मडकं ओतलं, मग फुलाबाईचं गाडगं. आवाज दारापर्यंत काही गेला नाही.

मग उपकारस्तुतीची वेळ आली. ज्याला देवाचे उपकार मानायचे असतील त्यानं उजवा हात वर करावा आणि उभं राहून सांगावं, असा रिवाज होता. कुणी पोराच्या लग्नाचं सांगितलं, कुणी विहिरीला पाणी लागल्याचं. दानिएल मास्तर पुस्तक मिटणार एवढ्यात बायांच्या बाजूनं एक हात वर गेला. त्याला दोनच बोटं होती.

प्रयागबाई उभी राहिली.

"नाताळाच्या आधी माझा हात चरकात गेला," ती म्हणाली. "बैल आनखी अर्धा फेरा चाललं असतं तर कोपरापतूर गेला असता, कदाचित मी बी गेले असते. माझ्या कुंडलिकानं बैल थांबवलं. त्याच्या हाताची कातडी निघाली, पर त्यानं वेसण सोडली न्हाय. देवानं मला असला ल्योक दिला, आन् मी त्याला अजून एक गोड शब्द सांगितला न्हाय. तो आज सांगतीया. प्रभूचे उपकार."

मागं दारापाशी बसलेल्या कुंडलिकानं मान वर केली. अपघातानंतर पहिल्यांदाच त्यानं आईकडे सरळ बघितलं. त्याला 'आमेन' म्हणायचं होतं. ते जमायला त्याला बराच वेळ लागला, आणि तोवर सगळं देऊळ त्याच्यासाठी खोळंबलं.

त्याचा आमेन ऐकल्यावर प्रयागबाईनं हात खाली घेतला. पदराखाली मात्र घातला नाही.