जिंकलेलं गटार

दाव्याचा निकाल लागला आणि धाकट्या जावेच्या नवऱ्याने गल्लीभर मिठाई वाटली. सख्ख्या थोरल्या भावाला त्याने चारी मुंड्या चीत केलं होतं. दोन घरांमधली बोळकांडी आणि तिच्यातलं गटार आता त्याच्या एकट्याच्या मालकीचं झालं. दुसऱ्याच दिवशी थोरल्याच्या मोरीकडून येणारं तोंड त्याने सिमेंटने लिंपून टाकलं.

"बसा म्हणावं आता आपल्याच घाणीत!" मिशीवर ताव देत तो म्हणाला.

व्हायचं तेच झालं. थोरल्याची मोरी तुंबली. खरकटं, काळपट फेस, केसांचे गुंतवळे, सगळं परसात पसरलं. वर माशांची घोंघों. नवरा मात्र चहाचा कप घेऊन खिडकीत.

"अगं, ये ना! वहिनी बघ कशी बादल्या उपसतेय!"

तो इतका खदखदून हसला, की तोंडातल्या बिस्किटाचा लगदा खिडकीच्या गजांवर उडाला.

धाकटी खिडकीशी आली. परसातल्या वासाची एव्हाना तिला सवय झाली होती. तिला शिसारी आली ती त्या हसण्याची. त्याला टायफॉइड झाला तेव्हा याच वहिनीने त्याच्या ओकाऱ्या काढल्या होत्या.

जिन्याखालची पहार घेऊन ती बोळकांडीत उतरली आणि तिने सिमेंटवर घाव घातला.

"अगं ए, वेड लागलं का? जिंकलोय आपण!"

"काय जिंकलात हो? गटारच ना? मग मालकीण साफ करतेय, करू द्या."

शेवटच्या घावासरशी काळा चिखल तिच्या तोंडावर उडाला. ती थुंकली, पुन्हा थुंकली, आणि डोळे मिटून कोपरापर्यंत हात आत घातला. बुळबुळीत, कुजका गोळा हाताला लागला. तिने तो ओढून काढला. पाणी अडखळलं, मग खळखळत निघालं.

थोरली जाऊ हातात बादली घेऊन बघत होती. तिने ना आभार मानले, ना डोळ्यांत पाणी आणलं.

"नखं तरी कापून यायचं," ती म्हणाली. "सरक. राहिलेलं मी काढते."

वरची खिडकी धाडकन आपटली.

रात्री नवऱ्याने ताट बाजूला सारलं. "तुझ्या हातांना घाण येतेय."

"येणारच," धाकटी म्हणाली आणि पोटभर जेवली.