फिकट माश्या

कॉलेजात त्यांना सगळे 'माशीसर' म्हणत, आणि सरांना त्याचा छुपा अभिमान होता. रानातल्या बारीक माश्या धरायच्या, पाठीवरचे केस नि पंखांवरच्या रेषा बघून त्यांची जात ओळखायची, यात उमर गेली. नवी जात मात्र एकही हाती लागली नव्हती.

एका सकाळी टेकडीमागच्या झाडीत माश्या धरायला टांगलेल्या बाटलीत त्यांना पाचसहा माश्या दिसल्या. पांढुरक्या, जवळजवळ आरपार दिसणाऱ्या. असा रंग कुठल्याच पुस्तकात नव्हता. सरांनी त्या तिथल्या तिथे स्पिरिटमध्ये टाकल्या आणि घरी पोचेपर्यंत मनातल्या मनात दोन सत्कारही स्वीकारले.

"हिला तुझं नाव देणार," त्यांनी बायकोला सांगितलं.

"माशीला?"

"जगभर राहील!"

ती चक्क लाजली. दुपारी आईचा चेहरा जरा उतरलेला दिसला, म्हणून सरांनी तेच वचन तिलाही देऊन टाकलं. संध्याकाळी सासूसुनांना एकमेकींकडून हे कळलं, आणि जेवताना मीठ मागायचीही सरांची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ते संग्रहालयातल्या माश्यांच्या तज्ज्ञ मॅडमकडे गेले. मॅडमनी मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"बाटली किती दिवस टांगलेली होती?"

"झाले दोनेक आठवडे. मध्ये जायला जमलंच नाही."

"आत काय ठेवलं होतं?"

"केळी. घरातलीच, पार काळी पडलेली."

मॅडमनी मान वर केली. "घरात चिलटं आहेत का हो?"

"आहेत की," सर म्हणाले.

"त्यांनी केळ्यांवर अंडी घातली होती. तुम्ही ती रानात नेऊन वाढवलीत. कोषातून बाहेर पडून या पोरींना तासही झाला नव्हता. अंगावर रंग चढायच्या आत तुम्ही त्यांना बुडवलंत."

ताजी माशी फिकट असते, हे सर दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत. परीक्षेत विचारत. चुकलं की मार्क कापत.

"मी गाढव आहे," सर म्हणाले.

"गाढवं ओळखणारे वरच्या मजल्यावर बसतात," मॅडम म्हणाल्या.

घरी येऊन सरांनी दोघींना समोर बसवून सगळं सांगितलं. मग आई म्हणाली, "म्हणजे माझ्या नावाची माशी ओट्यावरच होती, नि मी तिला रोज फडक्यानं हाकलत होते?"

"तुमच्या नाही, माझ्या नावाची!" बायको म्हणाली, आणि दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. सर आधी फुगले, मग त्यांनाही राहवेना.

रविवारी बायकोही झाडीत आली. केळी तिनं स्वतः उकडून घेतली होती. सरांवर तिचा काडीचा भरवसा उरला नव्हता. उन्हं कलताना बाटलीत एक तपकिरी माशी शिरली.

"ही कोणती?" तिनं विचारलं.

नाव सरांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"घरी जाऊन नीट बघतो," ते म्हणाले, "आणि मॅडमना विचारून सांगतो."